गोड्या पाण्यातील शिंपल्यांवर सूक्ष्मप्लास्टिकचा परिणाम कसा तपासावा

नागपुरात प्राणिशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्र शिकणारे विद्यार्थी प्रकल्पासाठी विषय शोधू लागले की सूक्ष्मप्लास्टिक, म्हणजे ५ मिलिमीटरपर्यंतचे प्लास्टिकचे कण, हा शब्द हमखास पुढे येतो, आणि त्यासाठी तलावातला शिंपला हा सोयीचा प्राणी वाटतो. तो पळून जात नाही, पाणी गाळूनच जगतो आणि थोडक्या खर्चात त्याचा अभ्यास होतो. हे सारे खरे आहे. परंतु माझ्या वाचनात आलेल्या बहुतेक प्रकल्प-अहवालांत एकच चूक पुन्हा पुन्हा दिसते: शिंपल्याच्या शरीरात प्लास्टिकचे कण सापडले, एवढ्यावरून प्लास्टिकचा त्याच्यावर दुष्परिणाम झाला असे लिहिले जाते. कण सापडणे ही एक गोष्ट आहे आणि त्या कणांमुळे प्राण्याचे काही बिघडणे ही दुसरी. पहिलीसाठी शिंपला उघडून त्याचे मांस विरघळवावे लागते आणि उरलेले कण मोजावे लागतात. दुसरीसाठी जिवंत शिंपला काचेच्या टाकीत ठेवून तो पाणी किती गाळतो हे पाहावे लागते. महाविद्यालयाच्या साध्या प्रयोगशाळेत ही दोन्ही कामे नीट होऊ शकतात. ती कशी करावीत, हे येथे क्रमाने लिहिले आहे.

आधी शिंपला समजून घ्यावा

लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस ही शिंपल्याची जात भारतातील तळ्यांत व संथ नद्यांत सर्रास आढळते आणि गोड्या पाण्यातील मोत्यांच्या शेतीतही तीच वापरली जाते. हा प्राणी गाळात अर्धा रुतून बसतो आणि कवचाची मागची कड तेवढी वर ठेवतो. टाकीत तळाला चार बोटे रेती घालून त्याला शांत ठेवले, तर तासाभरात त्या कडेशी दोन फटी उघडलेल्या दिसतात. खालची फट बारीक झालरीची असते आणि तिच्यातून पाणी आत जाते. वरची गुळगुळीत असते आणि तिच्यातून पाणी बाहेर पडते. खालच्या फटीजवळ ड्रॉपरने शाईचा एक थेंब हलकेच सोडला की तो आत ओढला जाताना डोळ्यांना दिसतो. हा प्रयोग प्रत्येक विद्यार्थ्याने कामाला सुरुवात करण्यापूर्वी एकदा करावा, कारण पुढचे सारे मोजमाप या एका प्रवाहाचेच आहे.

आत गेलेले पाणी कल्ल्यांवरून जाते, कल्ल्यांवरील सूक्ष्म रोमके त्यातील कण अडवतात आणि श्लेष्मात गुंडाळून तोंडाच्या दिशेने सरकवतात. तोंडाशी असलेल्या पाळ्या त्यांची निवड करतात. खाण्याजोगे कण पोटात जातात, नको असलेले कण श्लेष्माच्या गोळीत बांधून पोटात न जाताच बाहेर टाकले जातात. या गोळ्या विष्ठेसारख्या दिसतात. परंतु ती विष्ठा नव्हे. म्हणून शिंपल्याजवळ आलेला प्रत्येक प्लास्टिककण त्याने खाल्ला असे म्हणता येत नाही, आणि पोटात गेलेला कणही बहुधा काही तासांत किंवा दिवसांत बाहेर पडतो. समुद्रातील मसल (खडकाला चिकटून राहणारा शिंपला) आणि कालवांवर अमेरिकेत झालेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मोठे कण मोठ्या प्रमाणावर नाकारले जातात असे दिसले, आणि त्यावरून पाण्यातील प्लास्टिकचे माप म्हणून हे प्राणी फारसे विश्वासार्ह नाहीत असा इशारा संशोधकांनी दिला. आपल्या तलावातील शिंपल्यात पाच कण सापडले म्हणून तलावात प्लास्टिक कमी आहे, असे लिहिण्यापूर्वी हा इशारा आठवावा.

परिणामांविषयी जे ज्ञात आहे त्याचा मोठा भाग समुद्री मसलवरील प्रयोगांतून आलेला आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ३ आणि ९.६ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) व्यासाचे पॉलिस्टायरीनचे गोलक मसलच्या आतड्यातून तीन दिवसांच्या आत रक्ताभिसरणात पोहोचले आणि ४८ दिवसांहून अधिक काळ तेथे आढळत राहिले. नंतरच्या अनेक प्रयोगांत गाळण्याचा वेग मंदावणे, पचनग्रंथीच्या पेशींत दाह, पेशींवरील ऑक्सिडीकरणाचा ताण आणि साठवलेल्या ऊर्जेची घट नोंदली गेली आहे. मात्र यांपैकी कितीतरी प्रयोगांत लिटरमागे हजारो ते लाखो कण घातलेले असतात आणि प्रत्यक्ष नदी-तलावांतून जाळीने गाळून मोजलेले आकडे त्यांच्या कितीतरी पट खाली असतात. शिवाय समुद्री मसल ज्या धाग्यांनी खडकाला चिकटून राहतो ते धागे आपल्या तळ्यातील प्रौढ शिंपल्याला नसतातच. त्यामुळे ‘प्लास्टिकमुळे धाग्यांची पकड सैल होते’ हा समुद्रावरचा निष्कर्ष नागपुरातील फुटाळा तलावाच्या अहवालात उतरवणे चुकीचे ठरते.

आपल्या शिंपल्याची एक अडचण समुद्री नातेवाइकांना नाही. त्याचे डिंभ, म्हणजे अंड्यातून निघालेली पिल्ले, मादीच्या कल्ल्यांत वाढतात आणि बाहेर पडल्यावर काही काळ माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून राहिल्याशिवाय त्यांची पुढची वाढ होत नाही. म्हणजे तलावातील योग्य मासे गेले, तर पाणी कितीही स्वच्छ असले तरी शिंपल्यांची नवी पिढी तयार होत नाही.

जागा, वेळ आणि परवानगी

नाग नदी लाव्हा गावाजवळच्या टेकड्यांतून निघते, अंबाझरी तलावापासून शहरातून वाहते, पुढे पिवळी नदीला घेऊन कन्हानला मिळते आणि ते पाणी वैनगंगेमार्गे गोदावरीत जाते. कागदावर हा प्रवाह अभ्यासासाठी फार आकर्षक वाटतो: शहराच्या वर एक नमुना घ्यावा, शहराच्या खाली एक घ्यावा आणि फरक प्लास्टिकच्या नावे लिहून मोकळे व्हावे. असे करू नये. शहराखालच्या पट्ट्यात सांडपाणी येते, अमोनिया वाढतो, विरघळलेला ऑक्सिजन घटतो, आणि शिंपला नाहीसा होण्यास एवढे पुरेसे असते. कन्हानच्या पात्रात रेतीचा उपसा झालेल्या जागी शिंपल्यांचे घरच उचलले गेलेले असते. म्हणून जेथे शिंपले नाहीत त्या जागेवरून प्लास्टिकविषयी काहीही सिद्ध होत नाही. जेथे जिवंत शिंपले आहेत अशा, पाण्याचा दर्जा शक्य तितका सारखा असलेल्या आणि प्लास्टिकचा भार मात्र वेगळा असलेल्या दोन किंवा तीन जागा निवडाव्यात. एकाच तलावाची सांडवा, वस्तीकडील काठ आणि मोकळा काठ अशी विभागणी पुष्कळदा अधिक उपयोगी पडते. प्रत्येक जागी पाण्याचे तापमान, पीएच, विरघळलेला ऑक्सिजन, गढूळपणा आणि अमोनिया ही पाच मापे न चुकता घ्यावीत; ती नसतील तर पुढील तुलनेला आधार राहत नाही.

नमुने घेण्यास नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ नागपुरात सर्वांत योग्य असतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, उथळ काठाचे पाणी तापते आणि शिंपला कवच मिटून बसतो. त्या वेळी मोजलेला मंद गाळणवेग उन्हाचा की प्लास्टिकचा, हे कोणालाही सांगता येत नाही. पावसाळ्यात गाळ हलतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडून नाग नदीला आला तसा पूर येऊन गेला, तर तळाचा थरच बदलतो. तेव्हा नमुन्याच्या तारखेसोबत अलीकडच्या मोठ्या पावसाची तारीखही लिहावी.

तलाव कोणाच्या ताब्यात आहे हे आधी पाहावे. महानगरपालिका, मत्स्यव्यवसाय विभाग आणि ज्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे मासेमारीचा ठेका असेल ती संस्था, यांची लेखी परवानगी महाविद्यालयाच्या पत्रावर घ्यावी. पेंचसारख्या संरक्षित वनक्षेत्रातून शिंपला उचलण्याचा विचारही करू नये. ठेका असलेल्या संस्थेच्या ढीवर बांधवांना सोबत घेतले, तर दोन दिवसांचे काम दोन तासांत होते, कारण शिंपले कोणत्या काठाला आणि किती खोल आहेत हे त्यांच्या पायांना ठाऊक असते. त्यांच्या श्रमाचा मोबदला द्यावा आणि अहवालात त्यांच्या मदतीचा उल्लेख करावा.

एका जागेवरून दहा शिंपले पुरेसे आहेत. सात ते नऊ सेंटिमीटर लांबीचे, शक्यतो एकसारखे निवडावेत. फार मोठे, जुने शिंपले आणि अगदी लहान पिल्ले पाण्यातच राहू द्यावीत. शिंपला हाताने किंवा बांबूच्या परडीने काढावा, नायलॉनच्या जाळ्याने काढू नये. काढल्याबरोबर तलावाच्याच पाण्याने कवच खळखळून धुवावे, अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये एकेक गुंडाळावे आणि बर्फाच्या डब्यात ठेवावे. प्लास्टिकच्या पन्नीत ठेवू नये, हे सांगण्याची गरज नसावी. तरीही प्रत्यक्षात नमुने पन्नीतच येतात. प्रयोगशाळेत आल्यावर ते उणे २० अंशांवर गोठवावेत. जिवंत प्रयोगासाठी लागणारे शिंपले अर्थातच वेगळे आणावेत. तलावाचे पाणी आणि तळाचा गाळही त्याच वेळी काचेच्या बरण्यांत घ्यावा, म्हणजे शिंपल्यात सापडलेले कण भोवतालच्या कणांशी ताडून पाहता येतील.

आपल्याच कपड्यांचे प्लास्टिक

या कामातील सर्वांत मोठा धोका तलावात नसतो, तो आपल्या अंगावर असतो. माझ्या पहिल्या तुकडीच्या फिल्टरवर जांभळे तंतू मोठ्या संख्येने दिसले आणि आम्ही सारेच हरखलो. मग कोऱ्या फिल्टरवर, म्हणजे ज्यात शिंपला घातलाच नव्हता त्या फिल्टरवर, तेच जांभळे तंतू दिसले. टेबलाशी उभ्या असलेल्या विद्यार्थिनीची पॉलिएस्टरची ओढणी त्याच रंगाची होती. दोन आठवड्यांचे काम आम्ही बाजूला ठेवले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तेव्हापासून माझ्या टेबलाशी सुती अॅप्रनशिवाय कोणी उभे राहत नाही.

त्यासाठीचे नियम कडक ठेवावेत. पंखा आणि कूलर बंद असावेत, खिडक्या मिटलेल्या असाव्यात, टेबल ओल्या सुती कापडाने तीनदा पुसलेले असावे. भांडी काचेची किंवा स्टीलची असावीत आणि गाळलेल्या पाण्याने तीनदा विसळलेली असावीत. वापरायचे प्रत्येक द्रव, अगदी डिस्टिल्ड वॉटरसुद्धा, आधी काचतंतूच्या फिल्टरमधून गाळून घ्यावे. मिठाचे द्रावण तर गाळलेच पाहिजे, कारण बाजारातील मिठातही सूक्ष्मप्लास्टिक असते. दर पाच शिंपल्यांमागे एक कोरी चाचणी चालवावी: तेच बीकर, तेच द्रव, तेवढाच वेळ, फक्त शिंपला नाही. सूक्ष्मदर्शकाशेजारी ओला फिल्टर उघडा ठेवून हवेतून किती तंतू पडतात हेही मोजावे. प्रयोगशाळेत त्या दिवशी कोणी कोणत्या रंगाचे कपडे घातले होते याची नोंद वहीत करावी. ही नोंद पुढे फार उपयोगी पडते.

शिंपला उघडणे आणि मांस विरघळवणे

गोठलेला शिंपला झाकलेल्या भांड्यात सामान्य तापमानाला आणावा. त्याची लांबी, रुंदी आणि वजन नोंदवावे, कवच गाळलेल्या पाण्याने पुन्हा धुवावे. बोथट सुरी दोन शिंपांच्या मधल्या फटीत घालून पुढचा आणि मागचा असे दोन्ही आकुंचक स्नायू कापावेत. ते कापले की कवच आपोआप सैल होऊन उघडते. उघडलेल्या कवचाच्या आतील मोतिया चकाकीवर पातळ प्रावार, म्हणजे शरीर झाकणारा पडदा, पसरलेला असतो आणि तो बाजूला केला की दोन्ही बाजूंना पडद्यांसारखे कल्ले दिसतात. कल्ले जाड, फुगलेले आणि ठिसूळ वाटले तर त्यांत डिंभ आहेत असे समजावे आणि तशी नोंद करावी. असे शिंपले अधिक निघू लागले तर त्या हंगामात त्या जागेवरून पुढचा नमुना घेऊ नये.

शक्य असेल तर कल्ले, पचनग्रंथीसह आतडे आणि उरलेले मांस अशा तीन बीकरांत वाटणी करावी. कल्ल्यांवरील कण अजून नाकारले जाऊ शकले असते, पचनग्रंथीतील कण मात्र खाल्ले गेले होते. हा भेद संपूर्ण मांस एकत्र विरघळवल्यास कायमचा पुसला जातो.

मांसाच्या ओल्या वजनाच्या किमान दहापट, १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साईडचे द्रावण घालावे. हे द्रावण करताना पाण्यात गोळ्या थोड्या थोड्या टाकाव्यात, गोळ्यांवर पाणी ओतू नये. भांडे चटका बसण्याइतके तापते, म्हणून चष्मा आणि हातमोजे आवश्यक आहेत. हातमोजे नायट्राइलचे वापरल्यास त्यांच्या रंगाचा तुकडा कोऱ्या चाचणीसोबत जपून ठेवावा. बीकरवर काचेचे झाकण ठेवून ४० अंशांवर ४८ तास किंवा ६० अंशांवर २४ तास ठेवावे. घाई म्हणून तापमान ६० च्या वर नेऊ नये, कारण तीव्र अल्कलीत आणि अधिक उष्णतेत पॉलिएस्टर झिजू लागते. नायट्रिक आम्ल लवकर काम करते. पण ते नायलॉन खाऊन टाकते, आणि संक्रांतीच्या मांजाने भरलेल्या आपल्या शहरात नायलॉन हरवून चालणार नाही. पोटॅशियम हायड्रॉक्साईडलाही एक मर्यादा आहे: सिगारेटच्या फिल्टरमधील सेल्युलोज ॲसिटेट त्यात टिकत नाही, म्हणून थोटकांचे तंतू या पद्धतीने मोजले गेले नाहीत हे अहवालात लिहावे.

मांस विरघळल्यावर द्रव पिवळसर, साबणासारखा होतो आणि फिल्टर चटकन तुंबतो. त्यात तेवढेच गरम, गाळलेले पाणी मिसळून लगेच गाळल्यास हा त्रास बराच कमी होतो. तळाशी रेती फार असेल तर मिठाचे संपृक्त द्रावण वापरून हलके कण वर तरंगवून घ्यावेत. एक लिटर पाण्यात सुमारे ३५० ग्रॅम मीठ विरघळते आणि त्या द्रावणाची घनता साधारण १.२ येते. पॉलिथीन, पॉलिप्रॉपिलीन, पॉलिस्टायरीन आणि नायलॉन त्यावर तरंगतात. पाण्याच्या बाटलीचे पीईटी आणि बहुतेक पीव्हीसी बुडून रेतीत राहतात. म्हणून रेती थोडी असेल तर तरंगवण्याच्या भानगडीत न पडता सर्वच द्रव गाळून घ्यावा आणि रेतीसह फिल्टर पाहावा.

प्रत्यक्ष नमुन्यांना हात लावण्यापूर्वी आपली पद्धत तपासावी. लाल बादलीचे झाकण किसणीवर घासून अर्ध्या मिलिमीटरचे वीस तुकडे मोजून घ्यावेत, एका शिंपल्याच्या मांसात मिसळावेत आणि सारी क्रिया पूर्ण करून किती परत मिळतात ते पाहावे. अठरा मिळाले तर पुढे जावे. बारा मिळाले तर भांड्यांच्या कडा, फनेलची मान आणि ओतण्याची पद्धत यांत कोठे गळती आहे ते आधी शोधावे.

सूक्ष्मदर्शकाखाली

अनुभव नसलेला डोळा येथे सर्वाधिक फसतो, म्हणून या टप्प्याला पुरेसा वेळ द्यावा. फिल्टर झाकलेल्या पेट्री डिशमध्ये ठेवून स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, शेतात तास घालावेत तसा ओळीने पाहावा. नुसत्या नजरेने १०० मायक्रॉनपेक्षा लहान कणांविषयी खात्रीने बोलता येत नाही. तेव्हा आपली खालची मर्यादा १०० मायक्रॉन ठरवावी आणि तसे स्पष्ट लिहावे. ५ मिलिमीटरहून मोठा तुकडा सूक्ष्मप्लास्टिकमध्ये मोजू नये.

कृत्रिम तंतूची जाडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखी असते. कापसाचा तंतू चपट्या फितीसारखा असून जागोजागी पीळ खाल्लेला दिसतो. प्लास्टिकच्या तुकड्यात पेशींची रचना किंवा शिरा दिसत नाहीत. एवढे नियम सर्वत्र सांगितले जातात. पण नागपूर परिसरात आणखी तीन वस्तू ओळखता आल्या पाहिजेत. पहिली म्हणजे राख. कोराडी आणि खापरखेडा येथे औष्णिक वीजकेंद्रे आहेत, आणि कोळशाच्या राखेत काचेसारखे पोकळ, परिपूर्ण गोल कण असतात. ते पाण्यावर तरंगतात, चकाकतात आणि पाहताक्षणी प्लास्टिकचे मणी वाटतात. तापलेली सुई लावल्यावर ते वितळत नाहीत आणि दोन काचपट्ट्यांत दाबल्यावर चुरडतात. कन्हानच्या अंगाचे नमुने पाहताना ही चाचणी प्रत्येक गोल कणावर करावी. दुसरी वस्तू शिंपल्याच्याच कवचाचे मोतिया पापुद्रे. उघडताना ते निघतात, अल्कलीत विरघळत नाहीत आणि पातळ चमकदार पन्नीसारखे दिसतात. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की त्यांतून बुडबुडे येतात. तिसरी वस्तू कीटकांचे पाय आणि पंखांचे तुकडे. तेही अल्कलीत टिकतात, परंतु त्यांवर सांधे, केस किंवा शिरा दिसतात.

खरे प्लास्टिक जे सापडते त्यात धुण्याच्या कपड्यांचे तंतू बहुधा सर्वाधिक असतात. त्यांच्यासोबत खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) घोटण्याच्या पातळ पन्नीचे फाटके तुकडे, मांजाचे गोल, घट्ट, चकचकीत तुकडे, निर्माल्यातील कृत्रिम हारांच्या झिरमिळ्या आणि मासेमारीच्या जाळ्याचे तंतू आपल्याकडील काठांवर अपेक्षित धरावेत. तलावाच्या काठी उभे राहून अशा वस्तूंचे नमुने आधीच गोळा केले, त्यांचे बारीक तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि छायाचित्रे भिंतीवर लावली, तर ओळख फार सोपी होते.

प्रत्येक संशयित कणाचे आधी छायाचित्र घ्यावे, लांबी मोजावी, रंग आणि आकार लिहावा, आणि मगच त्यांपैकी काहींना तापलेली सुई लावावी, कारण त्या चाचणीत कण नष्ट होतो. प्लास्टिक वितळते किंवा आकसून वळते. त्यानंतरही प्लास्टिक कोणत्या जातीचे हे नजरेने सांगता येत नाही. त्यासाठी एफटीआयआर किंवा रामन वर्णपट, म्हणजे कणावर प्रकाश टाकून पदार्थ ओळखण्याची उपकरणावरील तपासणी, लागते. १९५८ साली स्थापन झालेली आणि पाण्याच्या प्रश्नांवर काम करणारी नीरी ही राष्ट्रीय संस्था आपल्याच शहरात आहे, विद्यापीठाचे विज्ञान विभाग आहेत. मार्गदर्शकांच्या पत्रासह वेळेत विचारणा करावी. सर्व कण तपासून मिळाले नाहीत तरी प्रत्येक रंग-आकाराच्या गटातील काही कण तरी तपासून घ्यावेत. टायरच्या झिजेचे काळे कण या तपासणीत बहुधा ओळखता येत नाहीत, कारण त्यांतील काजळी प्रकाश शोषून घेते.

मोजणी झाल्यावर कोऱ्या चाचण्यांची सरासरी काढावी आणि तिच्यात प्रमाण विचलनाची (आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत याच्या मापाची) तिप्पट मिळवावी. समजा, कोऱ्या फिल्टरवर सरासरी २ कण आले आणि विचलन १ असेल, तर ही मर्यादा ५ येते. शिंपल्यात ४ कण सापडले असतील तर ‘प्लास्टिक आढळले’ असे लिहिता येत नाही, मग ते कण दिसायला कितीही सुंदर असोत. निकाल प्रत्येक शिंपल्यामागे आणि ओल्या मांसाच्या प्रत्येक ग्रॅममागे अशा दोन्ही प्रकारे द्यावा.

परिणाम पाहायचा तर शिंपला जिवंत हवा

तलावातून आणलेले शिंपले किमान आठवडाभर प्रयोगशाळेतील पाण्याला सरावू द्यावेत. नळाचे पाणी दोन दिवस हवा सोडून क्लोरीनमुक्त करावे, तापमान २५ अंशांच्या आसपास स्थिर ठेवावे आणि खाद्य म्हणून क्लोरेला शैवाल द्यावे. जो शिंपला हात लावल्यावर कवच मिटत नाही तो आजारी समजून बाजूला काढावा.

टाक्यांचे चार गट करावेत. पहिल्यात फक्त खाद्य, दुसऱ्यात खाद्य आणि मातीचे बारीक कण, तिसऱ्यात खाद्य आणि थोडे प्लास्टिक, चौथ्यात खाद्य आणि अधिक प्लास्टिक. दुसरा गट अनेक जण वगळतात आणि तेथेच त्यांचा प्रयोग वाया जातो. शिंपल्याच्या पाण्यात कोणताही न पचणारा कण वाढला की त्याचे अन्न तेवढे विरळ होते आणि निवडण्याचे श्रम वाढतात. आपली काळी माती पावसाळ्यात हेच करते. प्लास्टिकमुळे जे बिघडले ते मातीमुळेही तेवढेच बिघडत असेल, तर तो दोष प्लास्टिकचा खास दोष म्हणता येणार नाही. मातीचा नमुना मफल भट्टीत ४५० ते ५०० अंशांवर भाजून त्यातील सेंद्रिय अंश घालवावा आणि प्लास्टिकप्रमाणेच ६३ मायक्रॉनच्या स्टीलच्या चाळणीतून चाळून घ्यावा. दोन्हींची मात्रा वजनाने न देता कणांच्या संख्येने सारखी द्यावी, कारण मातीची घनता प्लास्टिकपेक्षा बरीच अधिक असते.

प्लास्टिकची भुकटी पाण्याच्या बाटलीचा जाड तळ कानशीने घासून मिळते. कानशीचे लोखंड चुंबकाने काढावे. ही कोरी भुकटी तशीच वापरू नये. गाळलेल्या तलावाच्या पाण्यात ती दोन आठवडे भिजवली की तिच्यावर जिवाणूंचा थर चढतो, आणि निसर्गातील शिंपल्याला जे मिळते ते असेच थर चढलेले प्लास्टिक असते. पॉलिथीनची पन्नी स्वभावतः वर तरंगते. हा थर चढून ती जड झाल्यावरच तळाच्या शिंपल्यापर्यंत पोहोचते.

प्रत्येक गटाच्या किमान तीन स्वतंत्र काचेच्या टाक्या असाव्यात आणि टाकीत दोन शिंपले ठेवावेत. एकाच टाकीत सहा शिंपले ठेवून त्यांना सहा नमुने म्हणणे संख्याशास्त्राच्या दृष्टीने चूक आहे, कारण त्या टाकीतील पाणी बिघडले तर सहाही एकदम बिघडतात. दर दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी पाणी बदलून मात्रा पुन्हा द्यावी आणि अमोनिया मोजावा. काढलेले पाणी मोरीत ओतू नये. ते फिल्टरमधून गाळून घ्यावे आणि गाळलेले प्लास्टिक बंद बरणीत साठवावे.

चौदाव्या किंवा एकविसाव्या दिवशी प्रत्येक शिंपला २ लिटर स्वच्छ पाण्याच्या काचपात्रात ठेवावा. कवच उघडून गाळणे सुरू झाले की क्लोरेला मिसळावे आणि सुरुवातीला व तासाभराने हिमोसायटोमीटरवर (पेशी मोजण्याच्या आखीव काचपट्टीवर) पेशी मोजाव्यात. शेजारी रिकाम्या, बंद कवचाचे एक पात्र ठेवावे, कारण काही पेशी आपोआपही तळाशी बसतात. गणित साधे आहे. सुरुवातीची संख्या भागिले शेवटची संख्या याचा नैसर्गिक लॉगॅरिदम घ्यावा, पाण्याच्या लिटरांनी गुणावे आणि तासांनी भागावे. शिंपल्याच्या पात्रात संख्या १०० वरून ६० वर आली, तर उत्तर तासाला १.०२ लिटर येते. रिकाम्या कवचाच्या पात्रात ती १०० वरून ९५ वर आली असेल, तर तेथील ०.१० लिटर वजा करावे. शिंपल्याने तासाला ०.९२ लिटर पाणी गाळले. हा आकडा त्याच्या मांसाच्या कोरड्या वजनाने भागून चारही गटांची तुलना करावी.

याच्या जोडीला मांसाचे कोरडे वजन भागिले कवचाचे वजन हा स्थितिनिर्देशांक काढावा. सोय असेल तर पचनग्रंथीतील ग्लायकोजेन (साठवलेली ऊर्जा), कॅटालेज (ऑक्सिडीकरणाच्या ताणाशी झुंजणारे विकर) आणि मेदाच्या ऑक्सिडीकरणाची चाचणी करावी. ज्याचा अर्थ लावता येत नाही अशी दहा जैवरासायनिक मापे घेण्यापेक्षा गाळणवेग दोनदा काळजीपूर्वक मोजलेला बरा.

चौथ्या गटाचा वेग पहिल्याहून कमी असेल पण दुसऱ्याइतकाच असेल, तर निष्कर्ष असा लिहावा: या मात्रेत प्लास्टिकचा परिणाम मातीच्या कणांहून वेगळा दिसला नाही. तिसऱ्या गटातच, तलावातील मापाजवळच्या मात्रेत, वेग दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे घटला असेल तर तो निकाल महत्त्वाचा आहे आणि तो दुसऱ्या हिवाळ्यात पुन्हा करून पाहावा. काहीही फरक दिसला नाही तरी तो अहवाल तेवढ्याच सविस्तर लिहावा आणि जमा करावा.

प्रयोगात प्लास्टिक दिलेले शिंपले तलावात परत सोडू नयेत. त्यांची कवचे धुऊन, शाईने क्रमांक घालून ठेवावीत. मोजलेले सर्व फिल्टर, विशेषतः कोरे फिल्टर, झाकलेल्या काचेच्या पेट्री डिशमध्ये तारीख आणि जागेच्या चिठ्ठीसह कपाटात ठेवावेत, आणि पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना त्यांपैकी पाच फिल्टर आपले आकडे न सांगता पुन्हा मोजायला द्यावेत.